पोरगा काडी, पोट मात्र नगारा : चरबीचं खातं उघडतं तरी कधी?

घाटपायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र, पण गेल्या रविवारी घरात जे रामायण झालं त्यानंतर लिहिल्यावाचून राहवेना.

चिरंजीव साडेसात वर्षांचे. उंची १२२ सेंटीमीटर, वजन २३ किलो. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं, बरगड्या मोजून घ्याव्यात. त्यामुळे आईचं (म्हणजे त्याच्या आजीचं) पालुपद ठरलेलं, "पोराच्या अंगाला काही लागत नाही." मग सकाळी साजूक तुपातला शिरा, शाळेतून आला की गूळपोळीचा लाडू, रात्री दुधात डब्यातली चॉकलेटी पावडर. बायको म्हणते, अहो, शर्टाची खालची दोन बटणं ताणतायत, ते बघा ना. त्यावर आजी, "ते बाळसं आहे, उंची वाढली की जाईल."

सर्दीसाठी दवाखान्यात गेलो तर डॉक्टरबाईंनी वजन, उंची घेतली आणि शिंप्यासारखी टेप काढून त्याची कंबर मोजली. ६१. म्हणाल्या, वजन वयाला शोभेसं आहे, पण कंबर उंचीच्या निम्म्यावर आली, आता लक्ष ठेवायचं. आणि मग माझ्याकडे वळून, "तुमची शुगर कधी तपासलीत?"

मी ३९ वर्षांचा, वजन ६४, कॉलेजात नाव 'बांबू'. कशाला तपासू? तपासली. उपाशीपोटी १३१, तीन महिन्यांची सरासरी ६.९. म्हणजे चक्क मधुमेह.

तेव्हापासून रात्री जागून वाचतोय. आपल्या पुण्याचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला दोघे एकच! तो फोटो पाहून मला आरशात पाहिल्यासारखं झालं.

प्रश्न असा की हे येतं कुठून? मी शिरा खाऊन मोठा झालो नाही. पोरगा शिरा खातो, पण दिवसभर धावतो. दोघांचा साचा मात्र एकच, काड्या आणि नगारा.

---

सुगरण_नसलेली

आमच्याकडे हेच, फक्त मुलगी आहे आणि आजीच्या जागी सासरे. "खात्यापित्या घरची दिसली पाहिजे" हे वाक्य दिवसातून दोनदा. वाचनखूण साठवली.

---

जुनाजोगी

आमच्या वेळी आया पोरांना दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने रेघ मारत. संपली मोजदाद. कंबर मोजायची ती लग्नाच्या सुटासाठी. साडेसात वर्षांच्या पोराला टेप लावणारे डॉक्टर आणि त्यावर धागा काढणारे बाप, दोघांनाही दंडवत. मैदानावर सोडा हो त्याला.

---

रंकाळ्याचा_वैद्य

मी कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं. जुनाजोगी काका, मैदानाबद्दल सहमत, टेपेबद्दल नाही.

घाटपायथा, तुम्ही फोटोपर्यंत पोचलात, पण खरी गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधीची आहे. १९९३ साली पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. गरोदर बायका दवाखान्यात येण्याची वाट न बघता लग्न झालेल्या बायकांची आधीच नोंद करून ठेवली, आणि मग ज्यांना दिवस गेले त्यांचं खाणं, कष्ट, रक्त सगळं मोजलं. या बायकांचं सरासरी वजन गरोदरपणाआधी ४२ किलोच्या आसपास, उंची पाच फुटांच्या जेमतेम आतबाहेर. बाळं सरासरी २.७ किलोची. ती इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली, तिथली ३.५ किलोची.

आता इथे गंमत आहे. ८०० ग्रॅमचा फरक सगळ्या अंगाला सारखा वाटला जाईल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नव्हतं. सर्वांत जास्त मार पोटाच्या घेराला, म्हणजे यकृतासारख्या आतल्या अवयवांना, आणि दंडाला, म्हणजे स्नायूंना. डोकं बऱ्यापैकी राखलेलं. आणि पाठीवर खवाट्याखाली चिमटीत धरून जी चरबी मोजतात, ती जवळजवळ इंग्रज बाळांइतकी! अडीच-पावणेतीन किलोचं किडकिडीत बाळ, पण हाडामांसाच्या मानाने चरबी जास्त. याला त्यांनी 'थिन-फॅट' बाळ म्हटलं. मी माझ्या ओपीडीत 'सुकं पण तुपट' म्हणतो. पुढे नाळेच्या रक्तातही अशा बाळांचं इन्सुलिन चढंच दिसलं.

त्यामागचा हिशेब साधा आहे. पोटातल्या बाळाला माल कमी पडला तर ते काटकसर करतं. मेंदू वाचवायचा, चरबीची शिदोरी बांधायची आणि कात्री स्नायूंना लावायची. स्नायूंच्या तंतूंची संख्या जवळपास जन्माआधीच ठरून जाते. नंतर तंतू जाड होतात, पण त्यांची संख्या फारशी वाढत नाही. आणि साखर रिचवणारं मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान बांधलं गेलं आणि पुढे पोत्यावर पोती येत राहिली, तर धान्य ओसरीवर, माजघरात, देवघरात साचणार. ते देवघर म्हणजे पोट आणि यकृत.

एक विचारतो. तुमचं जन्माचं वजन किती होतं? आणि मुलाचं?

---

पोह्यांवर_शेव

देवघराचा दृष्टांत आवडला. पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो, आता कंबर मोजून मग ठरवतो.

---

बहात्तरची

मी लिहू की नको असं करत होते.

मी सोलापूर जिल्ह्यातली, जन्म १९७३ च्या फेब्रुवारीतला. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात आईच्या पोटात. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा असं ती सांगायची. पुढे सुकडी (दुष्काळी कामावरचा कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची ती थोरल्या भावाला भरवायची आणि हात चाटायची. मी झाले तेव्हा "मांजराच्या पिल्लाएवढी" होते म्हणे, वजन कोण करतंय. मोठेपणी कधी जाड झाले नाही. ३८ व्या वर्षी मधुमेह. डॉक्टर म्हणाले, घरात कुणाला आहे? कुणालाच नाही. भावाला नाही, आईला तर शेवटपर्यंत नव्हता.

मला कुणावर ठपका ठेवायचा नाहीये. पण वैद्यबुवांचं कोठार वाचलं आणि आईची टोपली डोळ्यांपुढे आली.

---

आकडेमोड

बहात्तरचीताई, तुमच्यासारखीच गोष्ट हॉलंडमध्ये मोजली गेली आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नपुरवठा तोडला आणि शहरांतलं रेशन दिवसाला हजार कॅलरीच्याही खाली गेलं. त्या काळात पोटात असलेली मुलं १९ व्या वर्षी सक्तीच्या लष्करभरतीला आली, तेव्हा तीन लाख तरुणांच्या नोंदी तपासल्या. उपासमार गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात सोसलेल्यांत लठ्ठपणा जास्त, आणि शेवटच्या तीन महिन्यांत नि जन्मानंतर लगेच सोसलेल्यांत उलट कमी! म्हणजे नुसतं 'उपासमार झाली' एवढं पुरत नाही, कोणत्या महिन्यात झाली ते बघावं लागतं.

पण एकाच घरातलं एक उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, हेही नोंदवतो. मधुमेहाला इतर शंभर वाटा आहेत.

---

बहात्तरची

@आकडेमोड, पुरावा म्हणून नाही सांगितलं भाऊ. आठवण म्हणून सांगितलं.

---

घाटपायथा

वैद्यसाहेब, तुमच्या प्रश्नाने घरात वेगळंच काही झालं.

पोराचं वजन फाईलमध्ये होतं, २.६. माझं कुणालाच माहीत नव्हतं. आईला विचारलं तर आधी म्हणाली, "आता काय करायचंय?" मग रात्री भांडी आवरताना आपणहून बोलायला लागली. मी १९८६ चा. आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, भाताचं. आषाढात लावणी सुरू झाली तेव्हा तिला आठवा लागला होता. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून. "घरात बसले असते तर सासूने काय म्हटलं असतं?" मी पंधरा दिवस आधीच झालो. नर्सबाईने स्प्रिंगच्या काट्याला झोळी लटकवली आणि "दोन किलो शंभर" म्हणाली. शेजारणी बघायला यायच्या आणि परत जाताना हळू बोलायच्या. मी जगणार नाही असंच सगळे धरून चालले होते.

तेव्हापासून ती मला भरवतेय. आता नातवाला भरवतेय. शिऱ्याच्या वाटीमागे हे आहे हे मला ३९ वर्षांत कळलं नव्हतं. इतके दिवस मी तिच्यावर चिडत होतो.

---

रोखठोक_रेवा

धागा छान चाललाय, पण मी जरा मीठ टाकते. दुष्काळ आईने सोसला, लावणी आईने केली, पोटात कमी मिळालं ते आईकडून, जास्त मिळालं ते आजीकडून. या सगळ्या संशोधनात बाप कुठे असतो? गरोदर बाईने हे खावं, ते खाऊ नये, अशी यादी आधीच घराघरांत लटकलेली असते, त्यात आता विज्ञानाची भर. माझ्या बाळंतपणात पपईवरून भांडण झालं होतं. आता बाळाच्या चरबीवरून होणार.

आणि हो, आठव्या महिन्यात लावणी ही 'आईची सवय' नव्हे. तिच्या वाटणीचं काम त्या घरात दुसरा कुणी करायला तयार नव्हता, याला काय म्हणायचं ते म्हणा.

---

रंकाळ्याचा_वैद्य

रेवाताई, टाका मीठ, लागतंय. पुण्याच्या त्याच अभ्यासात शेतातले, पाण्याचे, धुण्याचे कष्ट मोजले होते आणि जितके कष्ट जास्त तितकं बाळ लहान असं दिसलं. ते वाचून बाईला "आराम करा" सांगणं म्हणजे थट्टा. सांगायचं तर नवऱ्याला आणि सासूला, की हंडा तुम्ही उचला. मी खरोखर तसं सांगतो. नवरे मान डोलावतात, पुढच्या खेपेला हंडा कुणाच्या डोक्यावर असतो ते मला माहीत नाही.

आणखी एक, तुमच्या यादीवरच. त्या बायका पोळी-भाकरी-भातातून किती कॅलरी खातात, किती प्रथिनं खातात याचा बाळाच्या मापाशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. म्हणजे "दोन जिवांची आहेस, दोन पोळ्या जास्त खा" हा सल्ला नेमका चुकीच्या ताटात पडतो.

तिसरी गोष्ट बी-१२. त्या गावांतल्या जवळपास दोनतृतीयांश बायकांना बी-१२ कमी होतं. आपण शाकाहारी, किंवा मटण गटारीला आणि मग एकदम दसऱ्यानंतर, त्यातही बाईच्या वाटीला रस्साच. बी-१२ दूध-दही, अंडी, मासे, मटण यातूनच येतं, पालेभाजीत ते नसतं. गरोदरपणी फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतलं जीवनसत्त्व) चढं आणि बी-१२ तळाला असलेल्या आयांची मुलं सहाव्या वर्षी तपासली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. (इथे कुणी लगेच फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नका! बाळाच्या मणक्यासाठी त्या हव्यातच. फक्त बी-१२ कडेही बघायला डॉक्टरांना सांगा.) त्याच मुलांना पौगंडावस्थेतच बी-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीत काय फरक पडतो हे पाहणारा प्रयोगही २०१२ पासून पुण्यात झाला, आणि त्यात मुलगे आणि मुली दोन्ही होते. बाप कुठे असतो विचारलंत ना, म्हणून सांगितलं.

---

रोखठोक_रेवा

बरं. हंड्यासाठी एक गुण दिला.

---

जुनाजोगी

एवढा खल कशाला. बाप बांबू, पोरगा बांबू. बाप पोटाळ, पोरगा पोटाळ. खाण तशी माती. पोटात काय झालं नि दुष्काळ कधी पडला, हे सगळं सोडा, रक्तातच असतं ते.

---

आकडेमोड

काका, तुमच्या बाजूनेही पुरावा आहे, घ्या. डेन्मार्कात ५४० दत्तक गेलेल्या माणसांची मापं १९८६ साली तपासली. मोठेपणी ती जन्मदात्यांसारखी निघाली, ज्यांच्या ताटात जेवली त्यांच्यासारखी नाही. त्यामुळे 'बारीक आहे कारण आई खायला घालत नाही' हेही खोटं आणि 'जाड आहे कारण लाडावलाय' हेही बरंचसं खोटं.

पण आता दुसरी बाजू. अमेरिकेत ॲरिझोनात पिमा म्हणून आदिवासी आहेत, त्यांच्यात मधुमेह फार. तिथे सख्ख्या भावंडांची तुलना केली. आई तीच, बाप तोच. एक मूल आईला मधुमेह होण्याआधीचं, एक झाल्यानंतरचं. नंतरचं भावंड जास्त जाड आणि मधुमेहाची जोखीमही त्यालाच जास्त. खाण तीच होती, भट्टी बदलली होती.

म्हणजे बाळाला पोटात माल कमी पडला तरी पंचाईत आणि साखर जास्त पोचली तरी पंचाईत. आपल्याकडे अडचण अशी की एकाच बाईत दोन्ही असतं. लहानपणी उपाशी वाढलेली, लग्नानंतर शहरात येऊन गरोदरपणात साखर वाढलेली.

---

लेस्टरची_माई

मी इंग्लंडात सतरा वर्षं आहे. इथे बाळ झालं की हेल्थ व्हिजिटर बाई घरी येते, वजन करते आणि लाल पुस्तकातल्या वाढीच्या आलेखावर ठिपका मांडते. माझा मोठा २.५ चा. ठिपका आपला सर्वांत खालच्या रेघेशी. मी रडकुंडीला. शेजारच्या आयरिश बाईचं बाळ जन्मतःच चार किलो! मग मी काय केलं असेल? फॉर्म्युलाच्या, म्हणजे डब्यातल्या दुधाच्या, बाटल्या. ठिपका वर सरकला की आईला फोन, "आई, एक रेघ चढला!" दोन वर्षांत तीन रेघा चढवल्या. पुढे पाचव्या वर्षी शाळेत सरकारतर्फे मुलांची उंची-वजनं घेतात, पहिल्या आणि शेवटच्या प्राथमिक वर्गात, आणि घरी पत्र येतं. आमच्याकडे आलं : वजन जास्त. ज्या पोराला चढवायला दोन वर्षं घाम गाळला, त्याच्यासाठी 'वजन जास्त' म्हणून पत्र. किचनमध्ये बसून हसावं की रडावं कळेना.

अवांतर : ही नोंदीची पद्धत इथली फार जुनी. हर्टफर्डशरमध्ये १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या हाताखाली नर्सेस सायकलवरून बाळांची वजनं टिपत फिरायच्या. ते रजिस्टर जपलं गेलं म्हणून डेव्हिड बार्कर या संशोधकांना पुढे १९८० च्या दशकात दाखवता आलं की जन्मताना लहान असलेली माणसं म्हातारपणी हृदयविकाराने जास्त मरतात. तेच बार्कर साउथॅम्प्टनचे, पुण्याच्या कामात त्यांच्याच गटाची जोड होती.

---

रंकाळ्याचा_वैद्य

माई, तुमचा दोष नाही, आम्ही डॉक्टरही वर्षानुवर्षं ठिपका वर सरकला की पाठ थोपटत होतो.

दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांना वयाच्या तिशीपर्यंत मोजत आले. ज्यांना पुढे मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावरची साखर निघाली ती मुलं पहिल्या दोन वर्षांत जाडगेली नव्हती, उलट बारीकच होती. फरक पडला नंतर. मुलांचा बीएमआय साधारण वर्षापर्यंत चढतो, मग उतरतो, मूल लांबट होतं, दात पडायच्या सुमारास तळ गाठतो आणि मग पुन्हा चढायला लागतो. या मुलांचा तळ लवकर आला, आणि तिथून पुढे ती सतत भरत गेली. त्यातली बरीच तेव्हाही रूढ अर्थाने लठ्ठ नव्हती.

म्हणून वय महत्त्वाचं. पहिल्या दोन वर्षांत बाळ उंचीने वाढलं तर सोनं. दोनच्या पुढे उंची जागच्या जागी आणि वजन धावतंय असं झालं, तर ती वाढ चरबीची समजा. आजीला तीन-चार वर्षांचं मूल 'उतरलंय' असं वाटतं ना, ते निसर्गाचंच उतरणं असतं. नेमक्या त्या वयात भरवाभरवी सुरू होते.

फॉर्म्युल्याबद्दल : आईचं दूध पहिले सहा महिने, त्याला तोड नाही. ज्यांना जमलं नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नका. पण युरोपात पाच देशांत एक प्रयोग झाला, त्यात जास्त प्रथिनांच्या फॉर्म्युल्यावर वाढलेली बाळं दोन वर्षांची असताना वजनदार निघाली आणि सहाव्या वर्षीही त्यांच्यात लठ्ठपणा जास्त होता. तेव्हा डब्यावर लिहिलेल्या मापापेक्षा चमचा 'जरा वरपर्यंत' भरायची आपली सवय सोडावी.

---

पोह्यांवर_शेव

वैद्यबुवा, शेव कधी सोडायची तेही सांगून टाका, म्हणजे आयडी बदलतो.

---

टोपलीतली_सेविका

मी अंगणवाडीत आहे, गाव सांगत नाही. तुम्ही सगळे शिकलेले, मी मला दिसतं ते लिहिते.

आमच्याकडे मोबाईलवर पोषण ट्रॅकर आहे. दर महिन्याला वजन-उंची भरायची. लाल आलं की वरून फोन. सॅमचं, म्हणजे अतितीव्र कुपोषित, मूल असलं की आमची धावपळ, दंडाला पट्टी लावायची, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेली तर लगेच आरोग्य केंद्रात. ती मुलं खरी उपाशी असतात, त्यांना खायला घालायलाच पाहिजे, तिथे कंबरेच्या गप्पा नकोत. हे वाचून कुणी त्या मुलांचं ताट कमी करू नये म्हणून मुद्दाम लिहितेय.

पण दुसरंही दिसतं. पाच रुपयांची कुरकुरीत पुडी. बुटकं मूल, हात बारीक, पोट पुढे, आणि हातात पुडी. वजन हिरव्यात येतं, कारण मूल बुटकं असलं तरी वजन चालून जातं. उंची नीट मोजायची म्हणजे दोघी जणी लागतात, एकीने पाय धरायचे, एकीने डोकं. मूल रडतं. मदतनीस रजेवर असली की उंची अंदाजाने भरली जाते, खरं सांगते. आणि खरा आजार त्या उंचीतच कळतो.

पुडी का देतात? आई पहाटे ऊसतोडीला, आजी शेळ्यांमागे, मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर. ती नऊ वर्षांची. ती काय शिजवणार?

---

सुगरण_नसलेली

सेविकाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमची पुडी मोबाईलवर मागवलेली असते आणि पन्नास रुपयांची असते, एवढाच फरक.

---

आकडेमोड

साखरेवरून एक. इंग्लंडात युद्धानंतर साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि साखर खाणं बघता बघता दुपटीच्या घरात गेलं. २०२४ मध्ये संशोधकांनी त्या तारखेच्या आधी-नंतर जन्मलेल्यांची तुलना केली. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे दिवस रेशनिंगमध्ये गेलेल्यांना पुढे मधुमेह सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाब सुमारे २० टक्क्यांनी कमी. कुणी डाएट केलं नव्हतं. दुकानात साखर मिळत नव्हती, इतकंच.

आपल्याकडे बाळाला पहिला घास खिरीचा, दुसरा बिस्किटाचा.

---

जुनाजोगी

उष्टावणात खीर नको म्हणाल तर मी हे संस्थळ सोडतो.

---

रोखठोक_रेवा

एक चमचा चालेल, काका. वाटी नको. आणि "संपव, नाहीतर मोबाईल बंद" हेही नको. आमच्याकडे मुलगी कार्टून बघताना किती खाते ते तिलाच कळत नाही. पोट भरल्याची जाणीव मुलाला असते, ती आपणच मारतो. हा माझा अनुभव, संशोधन वैद्यबुवा देतील.

बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांवर पण कुणीतरी बोला. मला दिवसाला चार दिले होते. दूध बाळाला, लाडू मला, नऊ किलो अजून माझ्याकडेच आहेत.

---

रंकाळ्याचा_वैद्य

लाडवांवर वेगळा धागा काढा, तिथे मार खायला येतो. (आळीव चांगले हो, लोह असतं. चार नको.)

मुंबईतल्या वस्त्यांत एक प्रयोग झाला होता तो सांगून थांबतो. दिवस जाण्याच्या आधीपासून बायकांना रोज एक खाऊ दिला, पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला, समोशा-भज्यांसारखा खावासा वाटणारा. किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांची वजनं थोडी वाढली, तीही ज्या बायका फार हडकुळ्या नव्हत्या त्यांच्यात. अतिशय बारीक बायकांच्या बाळांत तसा फरक पडला नाही. मात्र गरोदरपणातला मधुमेह जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे वर्षभराचा खाऊ वीस वर्षांची उणीव भरून काढत नाही, पण वायाही जात नाही.

घाटपायथा, तुमच्या मुलासाठी : वजन कमी करायचं नाही. अजिबात नाही. २३ किलो राहू दे, उंचीबरोबर वाढू दे. पावडर बंद, दूध साधं. शिऱ्याऐवजी अंडं, नाहीतर उसळ. स्नायू वाढतील असं खेळणं, म्हणजे झाडावर चढणं, दोरी, मल्लखांब जवळ असेल तर उत्तमच. झोप नऊ-दहा तास. सहा महिन्यांनी पुन्हा कंबर आणि उंची. त्याच्यासमोर 'पोट' हा शब्द काढू नका. औषध तुम्हाला लागेल, त्याला नाही.

---

घाटपायथा

मंडळी, दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

माझं औषध सुरू झालं. मी आणि पोरगा रोज संध्याकाळी टेकडीवर जातो, तो पळत, मी धापा टाकत. मल्लखांबाचा वर्ग सापडला, पहिल्या दिवशी खांबाला मिठी मारून अर्धा तास नुसता लटकला आणि घरी येऊन वरणभात दोनदा मागून घेतला. पावडर बंद झाली त्याचा सर्वांत जास्त त्रास मला झाला, कारण रात्री चोरून मीच चमचा मारायचो.

आईला मी काही समजावलं नाही. एवढंच म्हटलं, की आता तो जगणार आहे, मीसुद्धा जगलो, तू जिंकलीस. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शिऱ्याच्या जागी मुगाचं धिरडं होतं. तूप होतंच.

गेल्या आठवड्यात तिनेच टेप काढली. पोराची कंबर ६१ च, उंची मात्र १२३. मग माझी मोजली, ९४, आणि "अगं बाई" म्हणाली. सुनेची मोजायला गेली तर सूनबाई आत पळाल्या. शेवटी पोराने आजीची मोजायला घेतली, तर तिने टेप हिसकावून फडताळात टाकली आणि कुलूप लावलं.

---

टोपलीतली_सेविका

उंची भिंतीला टाचा टेकवून घेतली का? चपला काढून?

---

घाटपायथा

टाचा टेकवून, ताई. चौकटीला पेन्सिलीची रेघही मारली, जुनाजोगी काकांसाठी.